१६ इंची नळी, २०० डॉलरचा कर आणि टेबलावर भरलेली काडतुसं

अमेरिकेतल्या बंदुकांच्या बातम्या आपल्यापर्यंत दोनच प्रसंगी पोहोचतात. कुठेतरी गोळीबार होतो तेव्हा, नाहीतर तिथलं सुप्रीम कोर्ट एखादा निकाल देतं तेव्हा. पहिली बातमी कोणी समजावून सांगावी लागत नाही. दुसरी मात्र बहुतेकांच्या डोक्यावरून जाते. 'बम्प स्टॉक', 'ब्रेस', 'शॉर्ट बॅरल' असे शब्द येतात आणि एका प्लास्टिकच्या तुकड्यावरून एवढा मोठा देश का भांडतो आहे, हे काही केल्या उमगत नाही.

माझ्या मते हे राजकारण समजून घ्यायला पुढाऱ्यांची भाषणं फारशी कामाची नाहीत. बंदुकीचा छंद असलेल्या माणसाच्या तळघरातल्या टेबलापासून सुरुवात केलेली बरी. कारण अमेरिकेतला बंदूक-कायदा तत्त्वांपेक्षा इंच, सुटे भाग आणि स्क्रू यांच्या भाषेत लिहिलेला आहे, आणि त्या गोष्टींशी रोज झटणारा माणूस हाच आहे.

एक मोजमाप घेऊ. अमेरिकेत खांद्याला लावून झाडायच्या रायफलची नळी किमान १६ इंच असावी लागते. साडेपंधरा इंच असली आणि सरकारदरबारी तिची नोंद नसली, तर मालकाला १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण तीच नळी, खांद्याला लावायचा दस्ता नसलेल्या आणि मुळात पिस्तूल म्हणून तयार झालेल्या बंदुकीवर असेल तर गुन्हा नाही. जी बंदूक अधिक आखूड आणि लपवायला अधिक सोपी, ती चालते. दस्ता लावल्यामुळे जिचा नेम अधिक स्थिर होतो, ती चालत नाही.

हे असं का, याचं उत्तर १९३४ सालात आहे. दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनी देश हादरला होता. टॉमी गन म्हणजे हातात धरायची छोटी मशीनगन घेतलेल्या गुंडांची छायाचित्रं वर्तमानपत्रांत झळकत होती. तेव्हा अ‍ॅटर्नी जनरल होमर कमिंग्ज यांनी 'नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट'चा मसुदा आणला. मूळ मसुद्यात मशीनगनबरोबर पिस्तुलंही होती. पिस्तुलांवर निर्बंध घालायचे तर लोक रायफलची नळी कापून तिचंच पिस्तूल करतील, म्हणून आखूड रायफली आणि आखूड शॉटगनही यादीत घातल्या गेल्या. चर्चेच्या ओघात पिस्तुलं यादीतून गळली. त्यांची पळवाट बंद करण्यासाठी घातलेली कलमं मात्र तशीच राहिली. रायफलसाठी १८ इंचांची अट होती, ती १९६० साली १६ वर आली.

कायद्याने या वस्तूंवर सरसकट बंदी घातली नव्हती. नोंदणी करायची आणि प्रत्येक खरेदीवर २०० डॉलर कर भरायचा, एवढंच होतं. पण १९३४ मधले २०० डॉलर म्हणजे आजचे साडेचार हजारांच्या वर. सामान्य माणसासाठी ती बंदीच होती. महागाईबरोबर हा आकडा कधी वाढवला गेला नाही, त्यामुळे पुढच्या पिढ्यांसाठी तो परवडण्याजोगा होत गेला.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. या कायद्याच्या सुनावणीत नॅशनल रायफल असोसिएशनचे, म्हणजे एनआरएचे तेव्हाचे अध्यक्ष कार्ल फ्रेडरिक यांनी साक्ष दिली होती. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत तीन सुवर्णपदकं मिळवलेला हा माणूस. सरसकट सगळ्यांनी बंदुका घेऊन फिरावं असं आपल्याला वाटत नाही, त्यावर कडक निर्बंध असावेत आणि परवाना असेल तरच परवानगी द्यावी, असं त्यांनी सांगितलं. आजच्या एनआरएमध्ये असं बोलणारा अध्यक्ष एक दिवसही टिकणार नाही. हा बदल कसा झाला, ते पुढे येईलच.

काडतूस घरी भरणं

आता त्या टेबलाकडे. अमेरिकेत लाखो लोक स्वतःची काडतुसं स्वतः भरतात. याला ते रीलोडिंग म्हणतात. ऐकताना हे बेकायदा आणि भयंकर वाटतं. तिथे मात्र हा पूर्णपणे कायदेशीर, दीडशे वर्षांचा जुना उद्योग आहे.

काडतुसाचे भाग चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली जेमतेम साडेचार-पाच मिलिमीटर व्यासाची टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू आणि तोंडावर गोळी. चाप ओढला की पिन टोपीवर आदळते, टोपीतलं रसायन भडकून ठिणगी आत जाते, दारू झपाट्याने जळून तिचा वायू होतो आणि तो वायू गोळीला नळीतून बाहेर ढकलतो. त्याच क्षणी पितळ फुगून नळीच्या मागच्या भागाला घट्ट चिकटतं, त्यामुळे वायू नेमबाजाच्या तोंडावर येत नाही. दाब उतरला की पितळ थोडं आकसतं आणि रिकामी पुंगळी बाहेर पडते. टोपी, दारू आणि गोळी संपली. चारांतला सगळ्यात महाग भाग मात्र हातात उरला. तो पुन्हा का वापरू नये, या साध्या प्रश्नातून हा छंद उभा राहिला.

फुगलेली पुंगळी आधी साफ करतात. मग टेबलाला बोल्टने पक्क्या केलेल्या प्रेसमध्ये ती ठेवून लांब दांडा खाली ओढतात. पुंगळी पोलादी साच्यात शिरते, दाबून मूळ मापावर येते आणि त्याच वेळी आतली एक सुई जळकी टोपी खाली पाडते. तेल नीट लावलेलं नसेल तर पुंगळी साच्यात अशी अडकते की ती काढण्यात संध्याकाळ जाते. दर वेळी झाडल्यावर पितळ थोडं लांबतं, म्हणून तोंड कापून लांबी सारखी करावी लागते. मग नवी टोपी बसवायची. हे काम बरेच जण यंत्रापेक्षा हातातल्या छोट्या अवजाराने करतात, कारण टोपी तळाला टेकली की अंगठ्याला कळतं. टोपी किंचित वर राहिली तरी धोका, आणि पितळ सैल झालं असेल तर तेही तिथेच जाणवतं.

यानंतर दारू. तिचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एका पौंडात ७,००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम. कोणत्या गोळीला कोणती दारू किती घालायची, हे दारू आणि गोळ्या बनवणाऱ्या कंपन्या प्रयोगशाळेत दाब मोजून ठरवतात आणि त्यांची जाडजूड पुस्तकं छापतात. तिथला नियम असा की पुस्तकातल्या सगळ्यात कमी प्रमाणापासून सुरुवात करायची. मित्राने सांगितलेलं प्रमाण वापरायचं नाही. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवायचा, कारण दोन वेगळ्या दारू डोळ्यांना सारख्याच दिसतात आणि जळतात मात्र वेगवेगळ्या वेगाने. चुकीच्या डब्यातली दारू गेली, किंवा एकाच पुंगळीत चुकून दोनदा भरली, तर बंदूक हातातच फुटू शकते. दारू भरायचीच राहून गेली तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर अडकते, आणि मागून दुसरी झाडली तर नळी फाटते.

म्हणून जाणती माणसं दारू भरलेल्या पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करतात आणि वरून टॉर्च धरून प्रत्येकीत डोकावतात. सगळ्यांत पातळी सारखी दिसली तरच गोळ्या बसवायला घेतात. हे काम चालू असताना टीव्ही बंद, फोन दुसऱ्या खोलीत. बंदुकीबद्दल कोणाचं काहीही मत असो, ही शिस्त पाहून आदर वाटतो.

एवढा खटाटोप कशासाठी? पैसे वाचतात हे उत्तर सगळे देतात, पण वाचलेल्या पैशांत ते आणखी काडतुसं झाडतात. जुन्या, कारखान्यांनी बनवणं सोडून दिलेल्या मापांच्या बंदुका ज्यांच्याकडे आहेत, त्यांना दुसरा उपायच नसतो. पण खरं कारण अचूकता. एक हजार यार्डांवरच्या स्पर्धेत गोळी नळीतून सुटताना तिच्या वेगात सेकंदाला ५० फुटांचा फरक पडला, तर लक्ष्यापाशी ती फुटाहून अधिक वर-खाली जाते. कारखान्यातलं काडतूस सगळ्यांच्या बंदुकीत चालावं म्हणून बनवलेलं असतं. घरी भरलेलं काडतूस एकाच बंदुकीसाठी असतं. ओहायोतल्या कॅम्प पेरीला १९०७ पासून राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा होतात, आणि लांब पल्ल्याच्या गटांत आपलं काडतूस आपणच भरलेलं असणं तिथे अगदी नेहमीचं आहे.

हा छंद घराघरांत पोहोचला तो दुसऱ्या महायुद्धामुळे. कॅलिफोर्नियात ओरोव्हिल इथे फ्रेड हंटिंग्टन यांनी १९४३ च्या सुमारास युद्धकाळातल्या टंचाईवर तोड म्हणून .२२ (नळीचा व्यास, इंचात) मापाच्या रिकाम्या पुंगळ्यांपासून गोळ्यांची आवरणं बनवणारे साचे काढले. त्यातून आरसीबीएस ही कंपनी उभी राहिली. युद्ध संपल्यावर कॅन्ससमधल्या ब्रूस हॉजडन यांनी लष्कराची शिल्लक दारू विकत घेऊन ती शिकाऱ्यांना विकायला सुरुवात केली. नेब्रास्कात जॉयस हॉर्नेडी यांनी १९४९ मध्ये गोळ्यांचा कारखाना काढला. हे तिघेही छंदातून धंद्यात आलेले, आणि तिन्ही नावं आजही प्रत्येक रीलोडरच्या टेबलावर दिसतात.

.२२ च्या काडतुसाला मात्र हे काही लागू नाही. त्यात वेगळी टोपीच नसते. भडकणारं रसायन पुंगळीच्या दुमडलेल्या कडेत भरलेलं असतं, आणि एकदा पिन आदळून कड चेपली की ती पुंगळी भंगारात. आपल्या कोल्हापूरच्या नेमबाजीशी याचा थेट संबंध आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुण मिळवून कांस्य जिंकलं, ते याच .२२ वर. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, तीही याच रायफलवर. या प्रकारात घरी काडतूस भरण्याचा प्रश्नच येत नाही. इथले नेमबाज उलट्या बाजूने तीच अचूकता गाठतात. कारखान्यातून निघालेल्या काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्या रायफलवर झाडून बघायचे आणि जो लॉट नळीला मानवला तोच विकत घ्यायचा. काडतूस बंदुकीसाठी बनवता येत नाही, म्हणून बंदुकीसाठी काडतूस निवडायचं.

टोपीची टंचाई

पितळ पुन्हा वापरता येतं, गोळ्या शिसं वितळवून घरी ओतता येतात. टोपी आणि दारू मात्र कारखान्यातूनच यावी लागते, आणि राजकारण या छंदात शिरतं ते इथून.

अमेरिकेत टोप्या बनवणारी मोठी नावं चारच: सीसीआय, फेडरल, रेमिंग्टन आणि विंचेस्टर. डिसेंबर २०१२ मध्ये कनेटिकटमधल्या सँडी हूक शाळेत २० मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली. आता कायदा कडक होणार या भीतीने लोकांनी दुकानं रिकामी केली. कित्येक महिने .२२ ची साधी काडतुसंसुद्धा मिळेनात. २०२० मध्ये महामारी, रस्त्यांवरची आंदोलनं आणि निवडणूक एकाच वर्षात आली, त्यातच रेमिंग्टनचं दिवाळं निघालं. त्या वर्षी एफबीआयकडे बंदूक खरेदीशी संबंधित जवळजवळ ४ कोटी तपासण्या झाल्या. प्रत्येक तपासणी म्हणजे एक विक्री नव्हे, पण तो विक्रम होता. आधी ३०-३५ डॉलरला मिळणारा हजार टोप्यांचा खोका हातोहात शंभर डॉलरच्या वर गेला.

यातली खंतावणारी गोष्ट अशी की दोन्ही वेळा संघराज्याच्या पातळीवर काडतुसांवर कोणतीही बंदी आली नाही. टंचाई झाली ती बंदीच्या भीतीमुळे. आणि ज्यांना रविवारी क्लबात जाऊन ५० काडतुसं झाडायची होती, त्यांनाच ती भोगावी लागली. साठेबाजीला स्वातंत्र्यरक्षणाचं नाव देणाऱ्यांनी आपल्याच छंदाचं मोठं नुकसान केलं, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढे युक्रेन युद्धामुळे तोफगोळ्यांची मागणी वाढली आणि दारूसाठी लागणाऱ्या नायट्रोसेल्युलोजचा जगभर तुटवडा पडला. २०२४ अखेर सीसीआय, फेडरल आणि रेमिंग्टन हे तिन्ही ब्रँड झेक उद्योगसमूह सीएसजीने विकत घेतले. 'बाय अमेरिकन' म्हणणाऱ्यांच्या टोप्यांची मालकी आता युरोपात आहे.

सुटे भाग आणि कायदा

एआर-१५ हे नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. यूजीन स्टोनर यांनी १९५० च्या दशकात आर्मालाइट कंपनीसाठी ही रायफल आखली, १९५९ मध्ये तिचे हक्क कोल्टकडे गेले आणि १९६४ पासून नागरी बाजारात ती मिळू लागली. १९७० च्या दशकाअखेर पेटंट संपल्यावर कोणालाही ती बनवता येऊ लागली. तिचं वैशिष्ट्य म्हणजे ती सुट्या भागांची बंदूक आहे. नळी, दस्ता, मूठ, चाप, दुर्बीण, सगळं साध्या हत्यारांनी बदलता येतं.

मग कायद्याच्या दृष्टीने 'बंदूक' नक्की कोणता भाग? लोअर रिसीव्हर नावाचा, चाप ज्यात बसतो तो अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा. गाडीच्या चॅसिस नंबरसारखा क्रमांक त्यावर कोरलेला असतो. तो घ्यायचा तर परवानाधारक दुकानात जाऊन पार्श्वभूमी तपासून घ्यावी लागते. बाकीचे भाग टपालाने घरी येतात. १९९५ मध्ये अमेरिकी लष्कराने न्यू जर्सीतल्या पिकाटिनी आर्सेनलच्या नावाची खाचांची पट्टी प्रमाण मानली. तिच्यामुळे कोणत्याही कंपनीची दुर्बीण कोणत्याही रायफलवर बसू लागली आणि सुट्या भागांचा बाजार फोफावला.

अशा वस्तूवर बंदी घालायची तर व्याख्या कशी करणार? १९९४ च्या असॉल्ट वेपन कायद्याने काही नावं घेऊन बंदी घातली आणि बाकीच्यांसाठी लक्षणं मोजली. काढता येणारं मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायची पेटी, आणि शिवाय पिस्तुलासारखी मूठ, घडीचा दस्ता, संगिनीची खुंटी, नळीच्या तोंडावरचा ज्वाला लपवणारा भाग यांपैकी दोन गोष्टी असतील तर बंदी. कंपन्यांनी खुंटी आणि तो भाग बसवायचे नळीवरचे आटे काढून टाकले आणि तीच रायफल विकत राहिल्या. कायदा १० वर्षांसाठी होता, २००४ मध्ये तो संपला. त्यातली १० हून अधिक काडतुसांच्या नव्या मॅगझिनवरची बंदी वेगळी. तिचा बंदुकीच्या क्षमतेशी खरा संबंध होता आणि तिच्याबद्दल गंभीरपणे वाद घालता येतो. संगिनीच्या खुंटीबद्दल मात्र नाही.

कॅलिफोर्नियात हा प्रकार आजही चालू आहे. तिथे बंदीतून वाचायचं म्हणून लोक रायफलच्या मुठीला माशाच्या परासारखा प्लास्टिकचा पंख बसवतात. त्यामुळे अंगठा मुठीभोवती वळत नाही, आणि अंगठा वळत नाही म्हणून ती कायद्याच्या व्याख्येतली 'पिस्तूल ग्रिप' राहत नाही. गोळी तीच, वेग तोच, फक्त पकड अवघडलेली. छंदी माणूस हे पाहतो आणि ठरवतो की कायदे करणाऱ्यांना बंदुकीतलं काही कळत नाही. तो निष्कर्ष पूर्ण खरा नाही, पण त्याला तो का पटतो हे समजायला हवं.

याच्या उलटंही घडतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये लास वेगासला हॉटेलच्या खिडकीतून एका माणसाने संगीताच्या कार्यक्रमावर गोळ्या झाडल्या. आधी ५८ आणि नंतर जखमांनी दगावलेले धरून ६० माणसं गेली. त्याच्या रायफलींना बम्प स्टॉक होते. या दस्त्यात बंदूक झटक्यासरशी मागेपुढे सरकते आणि स्थिर धरलेल्या बोटावर चाप पुन्हा पुन्हा आपटतो. गोळ्या मशीनगनच्या जवळपास वेगाने सुटतात. १९८६ नंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाला ठेवता येत नाही, पण कायद्यात मशीनगनची व्याख्या 'चापाच्या एका क्रियेने' आपोआप एकाहून अधिक गोळ्या झाडणारी, अशी आहे. ट्रम्प सरकारच्या काळातच बंदूक-कायद्यांची अंमलबजावणी करणाऱ्या एटीएफ या खात्याने नियम बदलून बम्प स्टॉकला मशीनगन ठरवलं. जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी तो नियम रद्द केला. बम्प स्टॉकमध्ये प्रत्येक गोळीला चाप वेगळा हलतो, सबब ती मशीनगन नव्हे. न्यायमूर्ती थॉमस यांच्या निकालपत्रात चापाच्या आतल्या भागांच्या आकृत्या छापल्या आहेत! शब्दांच्या चौकटीत निकाल बसतो. पण मैदानात उभ्या असलेल्या माणसाला त्या फरकाचा काय उपयोग होता? हे काम संसदेचं आहे, आणि संसदेने ते केलेलं नाही.

ब्रेसची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. एका अपंग माजी सैनिकाला जड पिस्तूल एका हाताने धरता यावं म्हणून कोपराखालच्या हाताला बांधायचा पट्टा तयार झाला आणि २०१२ मध्ये एटीएफने त्याला मान्यता दिली. थोड्याच दिवसांत लोकांच्या लक्षात आलं की तो खांद्यालाही टेकवता येतो. म्हणजे आखूड नळी, खांद्याचा आधार आणि नोंदणी नाही. २०१५ मध्ये खात्याने सांगितलं की खांद्याला लावलं तर ती रायफल. २०१७ मध्ये ते मवाळ झालं. जानेवारी २०२३ मध्ये नवा नियम आला आणि लक्षावधी लोकांना सांगण्यात आलं की नोंदणी करा नाहीतर भाग काढून टाका. जून २०२४ मध्ये टेक्ससमधल्या संघराज्य न्यायालयाने तो नियमच रद्द केला. कायद्याला घाबरून रीतसर वागणाऱ्या माणसाने अशा वेळी कोणाचं ऐकायचं?

सायलेन्सरबद्दल एक गैरसमज सिनेमांनी पसरवला आहे. हायरम पर्सी मॅक्सिम यांनी त्याचं पेटंट १९०९ मध्ये घेतलं. मशीनगनचा शोध लावणाऱ्या मॅक्सिम यांचे हे चिरंजीव. रायफलचा आवाज साधारण १६० डेसिबल असतो, सायलेन्सरने तो २० ते ३५ डेसिबलने उतरतो. म्हणजे आवाज होतोच, फक्त कानाचा पडदा वाचतो. फिनलंड-नॉर्वेमध्ये शिकारी तो सर्रास वापरतात. अमेरिकेत मात्र तो १९३४ च्या यादीत आहे. जुलै २०२५ च्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सर आणि आखूड रायफलींवरचा २०० डॉलर कर शून्यावर आणला. बोटांचे ठसे, फोटो, अर्ज आणि नोंदणी कायम आहे. १९३७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा कायदा कर लावण्याच्या अधिकाराखाली वैध ठरवला होता, त्यामुळे करच उरला नाही तर नोंदणी कशाच्या आधारावर, असे नवे खटले दाखल झाले आहेत.

छंदाचं राजकारण कधी झालं

एनआरए १८७१ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झाली ती यादवी युद्धातल्या सैनिकांचा नेम कच्चा होता म्हणून. शंभर वर्षं ती मुख्यतः नेमबाजी शिकवणारी संस्था होती. केनेडी यांच्या हत्येत वापरलेली रायफल टपालाने मागवलेली होती. पुढे मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांचेही खून झाले आणि १९६८ च्या कायद्याने बंदुकांची अशी टपालविक्री बंद केली. तेव्हाही संस्थेचं नेतृत्व तडजोडीला तयार होतं. १९७७ मध्ये सिनसिनाटीच्या वार्षिक सभेत बंडखोर सदस्यांनी हार्लन कार्टर यांच्या मागे उभं राहून ते नेतृत्व पाडलं, आणि तिथून शिकवणी मागे पडून राजकारण पुढे आलं.

१७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत एकाच वाक्यात शिस्तबद्ध नागरी सेनेचा उल्लेख आहे आणि जनतेच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काचाही. हा हक्क व्यक्तीचा आहे, असं सुप्रीम कोर्टाने स्पष्टपणे म्हटलं ते थेट २००८ मध्ये, हेलर खटल्यात, ५ विरुद्ध ४ मतांनी. २०२२ च्या ब्रुएन निकालाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की कोणताही बंदूक-कायदा देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतो का, ते बघा. तेव्हापासून न्यायाधीश अठराव्या शतकातले नियम शोधत बसले आहेत.

आपल्याकडे हे सगळं उलटं आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार आधी परवाना, मग बंदूक. आणि काडतूस बनवायचं तर त्याचा वेगळा परवाना. म्हणून अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगतो. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या माणसाला, शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे अपवाद सोडले, तर तिथे बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. आणि तिथल्या संघराज्याच्या कायद्यात 'काडतूस' म्हटलं की सुटी पुंगळी, टोपी, गोळी आणि दारूसुद्धा त्यात येते. मित्राच्या टेबलावरून आठवण म्हणून उचललेली पुंगळी बॅगेत घालून भारतात आणू नका. विमानतळावर बॅगेत एखादं काडतूस सापडून गुन्हा दाखल झाल्याची प्रकरणं आपल्या न्यायालयांत वारंवार येतात.

या सगळ्या भांडणात एक आकडा मागे राहतो. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के, आत्महत्या होत्या. पंख बसवलेली मूठ, ब्रेस किंवा संगिनीची खुंटी यांचा या मृत्यूंशी काडीचाही संबंध नाही. घरातली बंदूक त्या वाईट रात्री हाताशी होती की कुलपात, याचा आहे.

आणि इथे छंदी लोकांनी स्वतःहून काम केलेलं आहे. २००९ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका दुकानातून आठवड्याभरात तीन वेगवेगळ्या माणसांनी बंदुका नेल्या आणि काही तासांतच आत्महत्या केल्या. दुकानदार हादरला. त्याने आणि इतर दुकानदारांनी सार्वजनिक आरोग्यक्षेत्रातल्या लोकांबरोबर बसून 'गन शॉप प्रोजेक्ट' आखला. गिऱ्हाईक खचलेलं वाटलं तर काय विचारायचं, विक्री कशी थांबवायची, घरातलं माणूस अडचणीत असेल तर बंदूक काही दिवस बाहेर कुठे ठेवायची, याची पत्रकं दुकानांत लागली. इतर राज्यांनीही हा प्रयोग उचलला.

त्यात एक अडचण आली, तीही कायद्याच्या शब्दांची. काही राज्यांत बंदूक तात्पुरती दुसऱ्याकडे द्यायची तरी दुकानात जाऊन तपासणी करावी लागते. म्हणजे क्लबातल्या मित्राची अवस्था पाहून त्याच्या रायफली आपल्या तिजोरीत ठेवून घेणाराच गुन्हेगार ठरू शकतो. वॉशिंग्टनसारख्या राज्यांनी आत्महत्या टाळण्यासाठी दिलेल्या बंदुकीला कायद्यात अपवाद घातला आहे. ज्या राज्यांत तो नाही तिथे तो घालून घ्यायला एनआरएवाले आणि बंदीवाले यांनी एकत्र यायला काहीच हरकत नाही, आणि त्यासाठी कोणाला नळी मोजायचीही गरज नाही.